सोमवारचे चार होकार

आमटीला फोडणी देता देता क्रांतीला कळलं, की नानांनी एकच सोमवार चौघांना देऊन टाकलाय.

पहिला होकार तिच्याच पदरात होता. तीन आठवड्यांपूर्वी जिल्हा परिषदेचं पत्र आलं होतं, मुख्याध्यापकाच्या बढतीसाठी सोमवारी अकरा वाजता साताऱ्यात हजर राहावे म्हणून. नानांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं होतं आणि म्हणाले होते, उत्तम, तू निवांत जाऊन ये, सोमवारी मी घरीच आहे, वहिनींना, तुझ्या सासूबाईंना, सोबत होईल. दुसरा होकार सकाळी सापडला. सासूबाई, म्हणजे तानुबाई, पलंगावर दोन लुगडी आणि चोळीचे खण मांडून गाठोडं बांधत बसल्या होत्या. कुठं निघालात विचारलं, तर म्हणाल्या, उंब्रजला, माझ्या भावाकडं, सोमवारी भावजी नेत्यात. तिसरा होकार छापूनच आला. नवऱ्यानं, दिग्विजयनं, पत्रकांचा गठ्ठा ओट्यावर आदळला. त्यावर लिहिलं होतं, सोमवारी सकाळी दहा वाजता कोरेगावात पंचायत समितीचा फॉर्म भरायला मिरवणूक, उघड्या जीपमध्ये उमेदवाराशेजारी खुद्द साहेब. उमेदवार तो स्वतः, आणि साहेब म्हणजे नाना.

आणि चौथा आत्ता दारात गाडीतून उतरला. नानांची मुलगी माया पुण्याहून आली ती दोन रिकाम्या सुटकेसा घेऊन. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, बाबांचे कपडे भरायला घेऊ या. सोमवारी सकाळी निघतोय आम्ही. काल फोनवर हो म्हणालेत ते. कायमचं."

क्रांतीनं गॅस बंद केला. आता ह्या माणसाला काय म्हणायचं? सगळ्यांना सोमवारच दिसला होता, आणि एकालाही नाही म्हणायला नानांची जीभ वळली नव्हती.

सयाजी निकम, एकाहत्तरच्या लढाईतले वैमानिक, पुढं तीन देशांत भारताचे राजदूत, वय वर्षं ब्याऐंशी. वाडीत त्यांना साहेब म्हणायचे आणि घरात नाना. क्रांतीचे ते चुलत सासरे. नऊ वर्षांपूर्वी दिल्लीत काकू गेल्या, तेव्हा पंधरा दिवस मन रमवायला म्हणून गावी आले आणि राहिले ते राहिलेच. कुणी त्यांना राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यांनीही राहतो म्हटलं नाही. पण दिवसातून तीनदा इन्सुलिन टोचायला, साखर तपासायला, पेसमेकरच्या तारखा सांभाळायला कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी म्हणजे क्रांती, हेही कुणी न बोलताच ठरून गेलं. मार्चमध्ये ते न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हा शाळेत पाचवीचा वर्ग चालू होता. हातातला खडू तसाच घेऊन ती धावत घरी आली होती.

बढती तिनं याआधी दोनदा लिहून नाकारली होती. पहिल्यांदा नाना नुकतेच आले होते म्हणून, दुसऱ्यांदा त्यांचा पेसमेकर बसवायचा होता म्हणून. आता ती बावन्न वर्षांची होती. यंदा जागा निघाल्या होत्या त्या सगळ्या माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. रोज जाऊन येण्यातलं ते अंतर नव्हे. तिकडं खोली करून राहावं लागणार. मास्तरकीत एकोणतीस वर्षं काढल्यावर एक शाळा आपल्या हाताखाली असावी, आपल्या मनासारखी चालवावी, एवढंच तिला हवं होतं. यंदा नाही म्हटलं की पुन्हा नाही. हे सगळं नाना इथं राहतात की पुण्याला जातात यावर अडलेलं, आणि नाना काय करणार हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नव्हतं.

ती हात पुसून ओसरीवर गेली. नाना खुर्चीत बसून उद्याचं भाषण पेन्सिलीनं लिहीत होते. उद्या रविवार, उद्या विमानाचा समारंभ. हवाई दलानं सेवेतून काढलेलं एक जुनं विमान दिग्विजयनं दोन वर्षं दिल्लीला खेटे घालून वाडीच्या फाट्यावर आणवलं होतं. चौथऱ्यावर चढवून, ताडपत्री घालून ते उभं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स: शत्रूची तीन विमाने पाडणारे आपले साहेब.

त्या फ्लेक्सवरून क्रांतीचं मंगळवारीच डोकं फिरलं होतं. नानांनी एकही विमान पाडलं नव्हतं. हे त्यांनीच तिला एकदा सांगितलं होतं, साखर तपासताना, सहज. चौथ्या मोहिमेत त्यांच्याच विमानाला खालून गोळा लागला, खुर्चीसकट ते बाहेर फेकले गेले, पाठीचा मणका गेला आणि वर्षभर रावळपिंडीच्या कैदेत राहिले. परत आल्यावर उडणं बंद. मग परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात शिरले. त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण दिग्विजयनं फ्लेक्सचा मजकूर दाखवला, तर म्हणाले, लोकांची भावना आहे. आणि फाट्यावरचं विमान? त्या जातीच्या विमानात ते जन्मात बसलेले नव्हते. दिग्विजयनं विचारलं होतं, नाना, हेच न्हवं का तुमचं. त्यावर म्हणाले, फार सुंदर आहे. दिग्विजयनं तो होकार समजून गावभर सांगितलं.

"नाना, सोमवारी तुम्ही कुठं असणार आहात?" तिनं विचारलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, तिच्याकडं अगदी आपुलकीनं बघितलं आणि म्हणाले, प्रश्न रास्त आहे. मग म्हणाले की प्रत्येकाची अडचण त्यांना समजते. मायाचंही बरोबर आहे आणि दिग्विजयचंही चूक नाही. वहिनींचं वय झालंय, त्यांना माहेर बघावंसं वाटणारच. तिच्या बढतीचं तर त्यांना फारच अप्रूप आहे. एवढं सगळं बोलून झालं, आणि त्यात सोमवारचा पत्ता नव्हता. क्रांती तशीच उभी राहिली, तेव्हा ते हसून म्हणाले, "बघू की. काहीतरी मार्ग निघेल."

"नाना, मार्ग आपोआप निघत नाही. मी काढते म्हणून निघतो. नऊ वर्षं मीच काढतेय."

तिला वाटलं, लागलं असेल. पण त्यांनी पेन्सिल उचलली आणि भाषणातला एक शब्द खोडून दुसरा लिहिला. क्रांती पाय आपटत आत गेली. ह्या माणसानं म्हणे दोन देशांतली भांडणं मिटवली होती. घरातल्या चौघांना एकमेकांच्या गळ्यात अडकवून स्वतः ओसरीवर मजेत बसलाय.

जेवायला सगळे एकदम बसले. मायाचा लहानपणापासूनचा हट्ट होता, की गावाकडं आलं की सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं, बायकांनी मागं राहायचं नाही. क्रांतीनं भाकरी, आमटी, वांग्याचं भरीत मधोमध ठेवलं, स्वतःचं ताट ओढलं आणि पहिला घास घ्यायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की नानांनी सोमवार कुणाकुणाला दिलाय. चारही नावं घेतली, स्वतःचं धरून. मग ती जेवायला लागली.

दिग्विजयनं आधी तोंड उघडलं. त्याचं म्हणणं, मायाला काय घाई आहे. महिन्याभराचा प्रश्न, इलेक्शन झालं की तो स्वतः नानांना पुण्याला पोचवेल. माया म्हणाली, मार्चमध्ये अँब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली होती. हृदयाचं दुखणं इलेक्शन संपायची वाट बघत नाही. दिग्विजय म्हणाला, तिकडं अकराव्या मजल्यावर ती दिवसभर ऑफिसात, आणि नाना एका अनोळखी नर्सबरोबर भिंतीकडं बघत बसणार. इथं दारातून जाणारा प्रत्येक माणूस रामराम घालतो. माया म्हणाली, रामरामानं साखर उतरत नाही. ती क्रांतीकडं वळली आणि म्हणाली, वहिनी, रोज तुम्ही बघता, तुम्हीच सांगा यांना. क्रांतीनं सांगितलं, की माया म्हणते ते खरं आहे, पुण्यात जास्त नीट होईल. दिग्विजयनं बायकोकडं असं बघितलं, जणू परक्या माणसानं घरात येऊन काही उचलून नेलं असावं.

"तुला काय हुतंय त्यात? आजवर कधी तक्रार केली न्हाईस," तो म्हणाला.

मग तिनं बढतीचं सांगितलं. त्याला ठाऊक होतं. पत्र त्यानं बघितलं होतं. पण बघणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं. तो म्हणाला, मग ह्या टायमाला सोड, पुढच्या टायमाला घे की. तिनं सांगितलं, पुढचा टाईम नाही. दोनदा लिहून दिलंय. दुसऱ्यांदा कधी दिलं होतं, हे त्याला आठवेना. इतका राग तिला लग्न झाल्यापासून आला नसेल. त्या दिवशी नकाराचा कागद साताऱ्याला नेऊन द्यायला हाच तिला मोटारसायकलवरून घेऊन गेला होता, येताना बसस्टँडजवळ दोघांनी उसाचा रस प्यायला होता, आणि ह्याला आठवत नव्हतं.

माया मात्र हातातला घास ताटात ठेवून तिच्याकडं बघत होती. आतापर्यंत तिला वाटत होतं, की वहिनी आपल्या बाजूनं बोलतेय. ती सावकाश म्हणाली, "म्हणजे बाबांना न्या म्हणत होतात, ते यासाठी होय?"

"हो. यासाठीसुद्धा," क्रांती म्हणाली.

त्या एका वाक्यानं पंगत पुन्हा फिरली. माया मनातून दुखावली. तिला बाप न्यायचा होता, पण कुणीतरी घरातून काढून दिलेला बाप नको होता. ती म्हणाली, ओझं झालं असेल तर आधीच सांगायचं होतंत, नऊ वर्षं कशाला काढलीत. क्रांतीनं विचारलं, कुणाला सांगायचं होतं? तू वर्षातून दोनदा येतेस, येताना केकचा डबा आणतेस. माया रडवेली झाली. दिग्विजयनं लगेच चुलत बहिणीची बाजू उचलून धरली. मिनिटभरापूर्वी तिच्याशी भांडणारा हाच तो, आता म्हणाला, पाहुणी आलीय घरात, जेवताना हे कशाला. नाना आमटीत भाकरी कुस्करत होते, अगदी बारीक, आणि प्रत्येक जण बोलला की त्याच्याकडं मान वळवून लक्षपूर्वक ऐकत होते.

तानुबाईंनी इतका वेळ मान वर केली नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण अजून तीन भाकरी खायची, पहाटे उठून शेण काढायची, कानाला धडधाकट. त्यांनी ताटातला शेवटचा घास संपवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भावजी कुटंबी जायाचं न्हाईत. मी मांडीवर घेतलंय त्यांना. ल्योक हाय त्यो माझा."

माया रडता रडता हसली. ही गोष्ट तिला माहीत होती. परदेशातल्या घरी पाहुणे आले, की बाबा ती रंगवून सांगायचे, अठ्ठाविसाव्या वर्षी गावानं आपलं बारसं केलं म्हणून, आणि गोरे पाहुणे पोट धरून हसायचे. तिनं तसं बोलूनही दाखवलं. तानुबाईंनी तिच्याकडं रोखून बघितलं. त्यांनी विचारलं, त्यातली कावळ्याची गोष्ट सांगितली का तुझ्या बापानं. मायाला कावळा ठाऊक नव्हता. क्रांतीनंही ती कधी ऐकली नव्हती.

तेव्हा तानुबाईंनी ती सांगितली, आवाज न चढवता. डिसेंबरात तार आली. तार इंग्रजीत, शाळेच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, की सयाजी बेपत्ता आहे, बहुधा गेला असावा. तानुबाईंचे मालक बाळासो, नानांचे थोरले भाऊ. लोक त्यांना म्हणाले, बिनसंस्काराचा जीव भटकत राहील, किती दिवस ठेवता. त्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तानुबाईंच्या सासूबाईंनी, म्हणजे नानांच्या आईनं, मात्र पाणी सोडायला नकार दिला. त्या म्हणत राहिल्या, माझं पोर जित्तं हाय, मला कळतंय. नदीवर दहाव्याला आल्या त्याही हाच हट्ट धरून, की बघा, कावळा शिवायचाच न्हाई. आणि पिंड ठेवून माणसं मागं सरतात न सरतात तोच कावळा आला आणि शिवला. एवढ्या लवकर कुणाच्याच पिंडाला शिवला नव्हता. सगळ्यांनी हात जोडले, आत्मा शांत झाला म्हणाले. सासूबाई तिथंच खाली बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी अन्न टाकलं. जानेवारी संपायच्या आत गेल्या. आणि फेब्रुवारीच्या शेवटी कैदेतून कार्ड आलं, नानांच्या हातचं, मी बरा आहे म्हणून.

"वर्षानं हे परत आले," तानुबाई म्हणाल्या. "क्रिया झालेला मानूस, घरात घ्यायचा कसा? भटजी म्हनले, पुन्हा जल्म द्यायला पायजे. आई तर गेलेली. मग मला बसवली, आन् एवढा सा फुटी बाप्या माझ्या मांडीवर ठेवला. आत्यानं कानात आकाराम म्हनून नाव सांगितलं. बाया पदरात तोंड घालून हसत हुत्या. मी न्हाई हसले. आईच्या जागी घेतलं म्हनल्यावर हसायचं काय त्यात?"

मायाचं हसू केव्हाच गेलं होतं. क्रांतीला वाटलं, आता नाना नेहमीसारखं काहीतरी गोड बोलतील, वहिनींचे उपकार, सगळ्यांचं प्रेम, असलं काहीतरी, आणि विषय पुन्हा ओसरीवर जाऊन पडेल. तिला ते सहन झालं नसतं. ती म्हणाली, "नाना, आज गोड बोलू नका. मला सोमवारी साताऱ्याला हो म्हणायचंय का नाही, एवढं सांगा. बाकी कुणाला काय वाटेल ते बघत बसू नका."

नानांनी हात धुतला.

"बारसं झालं त्या दिवशी दादानं मला गोठ्यात नेलं," ते म्हणाले. "विचारलं, सया, तुझ्या मनात माझ्याबद्दल काही आहे का. मी म्हटलं, काही नाही, दादा. खोटं होतं ते. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. दोन महिने थांबला असता तर आई राहिली असती. पण मी काही नाही म्हटलं आणि त्याचा चेहरा सुटला. संध्याकाळी तो पोटभर जेवला. मला वाटलं, हे आपल्याला जमतंय. विमान उडवायचं गेलं होतं, दुसरं काही येत नव्हतं. हे आलं. पुढं त्याचीच नोकरी मिळाली."

"त्यास्नी ठावं हुतं," तानुबाई म्हणाल्या.

नानांनी मान वर केली.

"तुमी खोटं बोललासा, ते त्याच दिवशी वळकलं त्यांनी. रात्रभर मला सांगत हुते. सया आज न्हाई भांडला, उद्या भांडंल. सुट्टीला आला की भांडंल. तुमी कुटल्या कुटल्या देशातनं यायचासा, साड्या आनायचासा, घड्याळं आनायचासा. गेलासा की म्हनायचे, ह्या खेपेलाबी न्हाई भांडला. एकदा शिव्या घातल्या आसत्या तर मोकळं झाले आसते. चाळीस वर्सं वाट बघून गेले ते."

स्वयंपाकघरात मांजर भांड्याला लागलं, कुणी उठलं नाही. नानांचा चेहरा इतका पडला, की क्रांतीला आपणच हे उकरून काढलं याची शरम वाटली. रागही होताच. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला ह्या वयात असं ऐकावं लागावं, आणि तेही त्याच्या चांगुलपणापायी. पण चांगुलपणा तरी कसला? चार माणसं चार दिशांना तोंड करून बसली होती ती त्यातूनच.

नाना बोलायला लागले. शब्द लहान लहान होते, भाषणातल्यासारखे नव्हते. तानुबाईंना ते म्हणाले, वहिनी, उंब्रजला मी येणार नव्हतोच, तुमच्या भावाचं आणि माझं कधी पटलं नाही, गेल्या खेपेला त्यानं तीन तास ऊस-कारखान्याचं राजकारण ऐकवलं. तानुबाई म्हणाल्या, मलाबी पटत न्हाई, पर भाऊ हाय. मग ते दिग्विजयकडं वळले. म्हणाले, सोमवारी मी जीपमध्ये बसणार नाही. उद्याच्या भाषणात मी सांगणार आहे, की मी एकही विमान पाडलं नाही, आणि फाट्यावरचं विमान मी कधी चालवलेलं नाही.

"नाना, फ्लेक्स लागल्यात," दिग्विजय म्हणाला. "उद्या आमदार येणारेत. मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"उतरव. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. आणि फॉर्म भर तू, जरूर भर. माझ्याशिवाय निवडून येत नसशील, तर माझ्यामुळं येऊन काय करणार?"

दिग्विजय ताटावरून उठला, पुन्हा बसला. इतक्या वर्षांत चुलत्याकडून त्याला पहिल्यांदा नकार मिळाला होता आणि त्याचं करायचं काय हे त्याला कळत नव्हतं. तो क्रांतीकडं बघायला लागला, नेहमी बघायचा तसा, की तू काहीतरी कर. तिनं नजर दिली नाही.

मायाला वाटलं, आता आपली पाळी. ती घाईघाईनं म्हणाली, बाबा, तुम्हाला नकोच असेल तर मी जबरदस्ती करणार नाही. इथं दिवसभराची नर्स ठेवता येईल, मी सगळं बघते, वहिनींनाही मग मोकळीक मिळेल. तिनं लगेच फोन काढून कुठल्याशा संस्थेचा नंबरही शोधायला घेतला. नर्स इथं ठेवायची, म्हणजे नर्सला सांगायला, नर्स आली नाही तर धावायला, नर्सचं जेवण बघायला पुन्हा तीच. आणि घरातल्या प्रत्येकाला ही तोड पसंत पडणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. दिग्विजय मान डोलवायला लागलाही होता. कुणालाच काही सोडावं लागणार नव्हतं, फक्त तिला.

नानांनी मायाच्या फोनवर हात ठेवला. "थांब," ते म्हणाले आणि क्रांतीकडं वळले. "तू सांग. मला बरं वाटेल असं काही सांगू नकोस. तसलं मी स्वतः पुष्कळ सांगितलंय. मी जावं असं तुला वाटतं का?"

सगळे तिच्याकडं बघत होते. बघू म्हणणं किती सोपं होतं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणणं त्याहून सोपं. एकदा तसं म्हटलं असतं, तर सगळ्यांनी तिला चांगली म्हटलं असतं आणि सोमवारी तिनं तिसरा नकार लिहून दिला असता. ह्या माणसाची नखं तिनं कापली होती. त्यांना रात्री भीतीची स्वप्नं पडायची तेव्हा ती दिवा लावून उशाशी बसली होती. तिच्या सख्ख्या बापाशी ती कधी इतकं बोलली नव्हती, जेवढं साखर तपासताना यांच्याशी बोलली होती. तिचा जीव होता त्यांच्यावर. आणि तिला ती शाळा हवी होती.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही जावं, नाना. तुम्ही इथं असाल तर माझं जाणं होणार नाही. नर्स ठेवली तरी होणार नाही. मला माहीत आहे."

"अगं काय बोलतीस," दिग्विजय पुटपुटला. तानुबाईंनी हात वर करून लेकाला गप्प केलं.

नानांनी मान डोलवली.

"मला जायचं नाही," ते म्हणाले. "हेही ऐकून ठेवा सगळ्यांनी. मला इथंच राहायचं होतं, शेवटपर्यंत. मागनं कुणी म्हणू नये की नाना आपल्या खुशीनं गेले. खुशीनं जात नाहीये. पण जातोय." मग त्यांनी मुलीला विचारलं, "माया, सोमवारी किती वाजता निघायचं?"

"सातला," माया म्हणाली.

क्रांतीला रडू आलं. पदरानं तोंड झाकून ती सगळ्यांच्या देखत रडली, पण आपला शब्द तिनं मागं घेतला नाही.